वाघोलीचा निळा, पाषाणचा हिरवा

गेल्या दिवाळीत फराळाची ताटली हातात घेऊन माझी भाची माझ्या काचेच्या कपाटापुढे उभी राहिली. म्हणाली, "मावशी, हा दगड रंगवलाय का गं?" बारावीत आहे ती. तिचं बोट कॅव्हनसाइटवर होतं. स्टिलबाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर बसलेले, शेवंतीच्या कळीएवढे गडद निळे गोंडे. दगड रंगवलेला नाही, वाघोलीच्या खाणीतून असाच निघाला, हे तिला पटायला जरा वेळ लागला.

वाघोली म्हटलं की आपल्याला नगर रोडची गर्दी आणि खडीचे ट्रक आठवतात. खनिजं जमवणाऱ्यांच्या जगात मात्र हे नाव मानाने घेतलं जातं. कॅव्हनसाइट पहिल्यांदा सापडलं १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात. १९७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट या शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं गेलं. पण जगातले सर्वांत देखणे नमुने आपल्या वाघोलीचे. सुरुंग उडतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा खडक फुटतो आणि एखाद्या भेगेत हा निळा दिसतो. आजवर असे किती गोंडे खडीबरोबर क्रशरमध्ये गेले असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

त्याच कपाटात खालच्या खणात हिरवा ॲपोफिलाइट आहे, पुण्याजवळच्याच पाषाणच्या टेकड्यांमधलं दुसरं एक खनिज. १९७४ साली जॉर्ज रॉसमन या खनिजशास्त्रज्ञाने पुण्याच्या या हिरव्या ॲपोफिलाइटचा वर्णपट, म्हणजे तो कुठला प्रकाश किती गिळतो ते, तपासला आणि त्याच्या रंगाचं मूळ व्हॅनेडियम असल्याचं दाखवलं. म्हणजे निळ्यात व्हॅनेडियम आणि हिरव्यातही व्हॅनेडियमच. तेही दोन्हीकडे चार इलेक्ट्रॉन गमावलेलं, एकाच प्रकारचं.

"धातू तोच आहे, तर रंग दोन कसे?" भाचीने विचारलं. हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता, आणि त्याच्या उत्तरात माझ्या आयुष्याची बरीच वर्षं गेली आहेत. एका वाक्यात सांगायचं तर, स्फटिकातल्या धातूचा रंग तो धातू एकटा ठरवत नाही, त्याचे शेजारीही ठरवतात. शेजाऱ्यांच्या या प्रभावाला स्फटिक-क्षेत्र म्हणतात.

आधी धातूच्या आयनाच्या, म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या, आत डोकावू. व्हॅनेडियम, क्रोमियम, लोह, कोबाल्ट, तांबं या धातूंच्या बाहेरच्या भागात इलेक्ट्रॉनांसाठी पाच जागा असतात. त्यांना डी-ऑर्बिटल म्हणतात. चार जागांचा आकार चार पाकळ्यांच्या फुलासारखा असतो. पाचवीचा आकार डमरूसारखा, आणि डमरूच्या कमरेला एक कडं. आयन पोकळीत एकटा असेल तर या पाचही जागा अगदी समान ऊर्जेच्या असतात. इलेक्ट्रॉनने कुठेही बसावं, फरक पडत नाही.

आता गणपतीत गल्लीत मांडव पडतो तेव्हाचं आठवा. मांडव नसताना मोकळ्या जागेत दोन्ही हात पसरून कुठेही तोंड करून उभं राहता येतं. चार खांब रोवले की तसं राहत नाही. हात खांबांच्या रोखाने पसरले तर आपटतात, दोन खांबांच्या मधल्या दिशेला पसरले तर मोकळे राहतात. माणूस तोच, हातांची लांबीही तीच, पण आता दिशेला महत्त्व आलं.

स्फटिकात धातूच्या आयनाभोवती बहुतेक वेळा ऑक्सिजनचे सहा आयन असतात. चार बाजूंना चार, एक डोक्यावर, एक पायाखाली. ते ऋणभारित, इलेक्ट्रॉनही ऋणभारित, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. पाचांपैकी दोन जागा, म्हणजे डमरू आणि एक फूल, नेमक्या या ऑक्सिजनांच्या रोखाने असतात. तिथे बसलेल्या इलेक्ट्रॉनला जास्त रेटा सोसावा लागतो, म्हणून त्या जागांची ऊर्जा वाढते. उरलेल्या तीन फुलांच्या पाकळ्या ऑक्सिजनांच्या मधल्या फटींत पसरलेल्या असतात, त्या जागा खालीच राहतात. पाच समान जागांचे असे दोन मजले होतात. भोवती सहाऐवजी चारच शेजारी असतील, चौफलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या, कोपऱ्यांवर, तर मजल्यांचा क्रम उलटा होतो आणि शेजाऱ्यांचं अंतर तेवढंच असेल तर मजल्यांमधलं अंतर निम्म्याहूनही कमी होतं.

रंग या दोन मजल्यांमधून येतो. खालचा इलेक्ट्रॉन वर जायचा तर त्याला नेमकी तेवढी ऊर्जा लागते, आणि ती तो प्रकाशातून घेतो. पांढऱ्या उजेडातला तेवढा भाग स्फटिक गिळतो, उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. दृश्य प्रकाशाची ऊर्जा साधारण १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ऑक्सिजनांच्या गराड्यातल्या या धातूंचे मजले पुष्कळदा याच टप्प्यात पडतात, म्हणून रत्नांची दुनिया रंगीत आहे.

मजल्यांचं हे अंतर शेजाऱ्यांच्या अंतरावर फार नाजूकपणे अवलंबून असतं. साध्या गणिताप्रमाणे ते शेजारी-अंतराच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. शेजारी एक टक्का जवळ आले तर मजले जवळजवळ पाच टक्क्यांनी लांब जातात. इतकं हळवं मोजमाप हातात असेल तर केवळ रंग बघून अणूंच्या शेजारातले फरक ओळखता येतात. मला या विषयाची ओढ लागली ती याच एका गोष्टीमुळे.

उदाहरण घ्यायचं तर लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सराफी पेढीतलं माणिक आणि पाचू घ्या. माणिक म्हणजे मुळात कुरुंद, ॲल्युमिनियम ऑक्साइड. धार लावायच्या चाकात वापरतात तोच कठीण पदार्थ. शुद्ध कुरुंदाचा स्फटिक पाण्यासारखा रंगहीन असतो. त्यात थोड्या ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम बसलं की माणिक होतं. पाचू म्हणजे बेरिल, त्यात बेरिलियम आणि सिलिकॉनही असतं. पण त्यातही ॲल्युमिनियमच्या थोड्या जागा क्रोमियमने घेतलेल्या असतात. दोन्हीकडे क्रोमियम तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं, दोन्हीकडे शेजारी सहा ऑक्सिजन, आणि त्यांची अंतरंही जवळपास सारखी.

तरी एक लाल, दुसरा हिरवा. कुरुंदात मजल्यांचं अंतर सुमारे २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यामुळे माणिक पिवळा-हिरवा प्रकाश, ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, गिळतं. क्रोमियममध्ये उरलेल्या तीन डी-इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या रेट्यामुळे जांभळ्या भागातही एक पट्टा गिळला जातो. मागे मुख्यतः लाल उरतो. बेरिलमधले ऑक्सिजन सिलिकॉन आणि बेरिलियमशी घट्ट बांधलेले असतात, त्यांचा क्रोमियमवरचा जोर किंचित कमी पडतो. अंतर २.०५ च्या घरात येतं. गिळण्याचा पट्टा सरकून ६०० नॅनोमीटरजवळ, नारिंगी-लालात जातो, आणि हिरव्याला वाट मोकळी होते. फरक जेमतेम सात टक्क्यांचा, पण तेवढ्याने माणकाचा पाचू होतो.

या दोघांच्या मधोमध अलेक्झांड्राइट आहे, क्रोमियम असलेलं क्रिसोबेरिल. त्याचा पट्टा अशा जागी पडतो की हिरवा आणि लाल दोन्ही जवळजवळ सारखेच निसटतात. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग भरपूर असतो, म्हणून तो हिरवा दिसतो. समईच्या किंवा जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल भाग जास्त, म्हणून तो लाल दिसतो.

आता कुरुंदात क्रोमियम वाढवत नेलं तर? मला वाटायचं लाल आणखी गडद होईल. थोडा वेळ तसं होतं, पण पुढे तो करडा पडतो आणि शेवटी हिरवा होतो. नुसतं क्रोमियम ऑक्साइड हिरवं असतं, रंगांमध्ये हिरव्यासाठी वापरतात तेच. त्याची अंतर्गत रचना कुरुंदासारखीच आहे. पण क्रोमियमचा आयन ॲल्युमिनियमपेक्षा मोठा. माणकात तो भाडेकरूसारखा दुसऱ्याच्या छोट्या खोलीत दाटीवाटीने राहतो, शेजारी जवळ येतात, मजले ताणले जातात. स्वतःच्या घरात तो पाय पसरून राहतो, शेजारी लांब जातात आणि रंग हिरवा होतो. माणिक चांगलं तापवलं तरी अंतरं वाढून ते हिरवट दिसू लागतं, आणि निवलं की परत लाल होतं.

हे सगळं रत्नांशिवायही बघता येतं. त्यासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, पुरे. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर वापरतात तेच. शेतीची औषधं विकणाऱ्या दुकानात मिळतं. कोमट पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवा, गाळा, भांडं न हलवता झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांत तळाशी छोटे खडे दिसतील. त्यातला एक नीट निवडून दोऱ्याला बांधून पुन्हा त्याच द्रावणात सोडला की पंधरवड्यात तिरप्या बाजूंचा सुंदर निळा स्फटिक तयार होतो. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, हात धुवा, लहान मुलांना एकटं सोडू नका.

या स्फटिकाचा तुकडा परीक्षानळीत तापवला की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे पांढरी भुकटी राहते. तांबं होतं तसंच आहे, त्याचा एकही इलेक्ट्रॉन गेलेला नाही. आधी प्रत्येक तांब्याभोवती पाण्याचे चार रेणू होते, आणि वर-खाली थोडे लांब सल्फेटचे दोन ऑक्सिजन. पाणी गेल्यावर सगळीकडे सल्फेटचेच ऑक्सिजन उरले, आणि त्यांचा जोर पाण्यापेक्षा कमी. मजले इतके जवळ आले की आता गिळला जाणारा प्रकाश अवरक्त भागात गेला. डोळ्याला दिसणारं सगळं परत येतं, म्हणून भुकटी पांढरी. तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. निळं परत उमटतं आणि नळी हाताला गरम लागते.

वर-खालचे दोन ऑक्सिजन लांब का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो योग्यच आहे. तांब्याच्या या आयनात नऊ डी-इलेक्ट्रॉन असतात, वरच्या मजल्यावर तीन. एका जागेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून दोन जागांत तीन म्हणजे एक जागा पूर्ण भरलेली, दुसरी अर्धी. ही असमान भरण आयनाला सोसत नाही. तो भोवतालची चौकट एका दिशेला ताणतो आणि आपली ऊर्जा कमी करून घेतो. १९३७ साली यान आणि टेलर या भौतिकशास्त्रज्ञांनी हे गणिताने सिद्ध केलं. म्हणजे शेजारी आयनाला बदलतात तसा आयनही शेजार बदलतो.

या विचाराचा पाया १९२९ साली हान्स बेथे यांनी घातला, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आत-बाहेर. ताऱ्यांना ऊर्जा कुठून मिळते हे सांगितल्याबद्दल पुढे ज्यांना नोबेल मिळालं, तेच बेथे. शेजाऱ्यांची मांडणी किती सममित आहे एवढंच ठाऊक असेल तर आयनाच्या ऊर्जापातळ्यांचे किती तुकडे पडतील हे आधीच सांगता येतं, असं त्यांनी दाखवलं. अमेरिकेत जॉन व्हॅन व्लेक यांनी हे गणित चुंबकत्वाला लावलं. आणि ते खरं की खोटं हे पडताळण्यासाठी लागणारी अचूक मोजमापं भारतातून आली, हे मला आवर्जून सांगायचं आहे. के. एस. कृष्णन, रामन यांच्या १९२८ च्या शोधातले सहकारी, १९३० च्या दशकात ढाका आणि नंतर कलकत्ता इथे एकेक स्फटिक बारीक तंतूला टांगून चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरवत होते. कुठल्या दिशेला स्फटिकाचं चुंबकत्व किती, हे ते तंतूच्या पिळावरून मोजत. आपल्या शाळांत कृष्णन यांचं नाव रामन परिणामापुढे जात नाही. माझ्या मते त्यांचं हे काम तेवढ्याच मोलाचं आहे.

त्यांनी भुकटी का वापरली नाही? भुकटीत लाखो कण, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. दिशेनुसार बदलणारी कुठलीही गोष्ट त्या गर्दीत सरासरीत विरून जाते. एकसंध स्फटिकात मात्र सगळे आयन शिस्तीत एका रोखाने उभे असतात. स्फटिक फिरवला की सगळे एकदम फिरतात, आणि एका आयनाची गोष्ट कोट्यवधी आयन एका सुरात सांगतात.

मी संशोधन करत होते तेव्हा माझं काम हेच होतं. झिंक अमोनियम सल्फेटचे रंगहीन स्फटिक वाढवायचे आणि त्यांत चिमूटभर व्हॅनेडिल मिसळायचं. व्हॅनेडिल म्हणजे व्हॅनेडियम आणि त्याला घट्ट चिकटलेला एक ऑक्सिजन. जस्ताच्या आयनात डी-जागा पूर्ण भरलेल्या असतात, तिथे उडी मारायला जागाच नाही, म्हणून जस्त गप्प बसतं आणि पाहुण्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. स्फटिक चुंबकात ठेवून त्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या, मग पाच अंशांनी फिरवायचा, पुन्हा मोजायचं. व्हॅनेडियमच्या एकुलत्या इलेक्ट्रॉनवर त्याच्याच अणुकेंद्राचा परिणाम होतो आणि वर्णपटात आठ रेषा उमटतात. चुंबकाची दिशा त्या घट्ट ऑक्सिजनच्या रेषेत आली की आठही रेषा लांब लांब पसरतात, काटकोनात गेली की जवळ येतात. डिसेंबरमधल्या एका रात्री, आलेखाच्या कागदावर पेन सरकत असताना, त्या पसरणाऱ्या रेषांवरून मला कळलं की माझ्या हातातल्या स्फटिकात तो एक ऑक्सिजन कुठे तोंड करून उभा आहे. डोळ्यांना कधीच न दिसणारी दिशा मी अंशांत मोजली होती. तो आनंद अजून तसाच आहे.

माणकातही अशी दिशा असते. क्रोमियमभोवतीचे सहा ऑक्सिजन अगदी समसमान नसतात, एका अक्षावर थोडे ओढलेले असतात. या ओढीमुळे क्रोमियमची सर्वांत खालची पातळी किंचित फाटते. फट इतकी लहान की ती भरायला दृश्य प्रकाश नको, सुमारे ११.५ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी पुरतात. याच फटीचा उपयोग करून क्षीण सूक्ष्मलहरी वाढवणारी मेझर नावाची यंत्रं बनली. पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी विश्वाच्या आरंभापासून उरलेलं प्रारण ऐकलं, ज्याची घोषणा १९६५ साली झाली, तेव्हा त्यांच्या अँटेनाच्या मागे माणकाचं मेझर होतं.

माणकाने दृश्य प्रकाशातही इतिहास घडवला. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मैमन यांनी जगातला पहिला लेसर चालवला, तो माणकाच्या कांडीतून. क्रोमियम अवघं ०.०५ टक्के. झगझगीत दिव्याचा हिरवा आणि जांभळा प्रकाश ते रुंद पट्टे गिळतात, इलेक्ट्रॉन वर जातात, घसरून एका ठरावीक पातळीवर थबकतात आणि तिथून ६९४.३ नॅनोमीटरचा लाल सोडतात. पट्टे रुंद का आणि ही लाल रेषा इतकी बारीक का? शेजारी सतत थरथरत असतात, त्यांचं अंतर क्षणोक्षणी बदलतं, म्हणून मजल्यांचं अंतरही डुलतं आणि पट्टा पसरतो. लाल रेषेच्या उडीत मात्र इलेक्ट्रॉन मजला बदलत नाही, फक्त आपल्या फिरकीची दिशा उलटी करतो. शेजारी थरथरले तरी तिचं फारसं बिघडत नाही.

निओडिमियमसारख्या धातूंमध्ये तर इलेक्ट्रॉन बाहेरच्या थरांच्या आड दडलेले असतात. शेजाऱ्यांचा त्यांच्यावर परिणाम होतो, पण बेताचा, म्हणून त्यांच्या रेषा बारीक असतात आणि एका स्फटिकातून दुसऱ्यात गेल्या तरी थोड्याच सरकतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसू लागलं की डोळ्यांचे डॉक्टर "याग लेसर करू" म्हणतात ना, तो याच निओडिमियमचा, यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटच्या स्फटिकातला, १०६४ नॅनोमीटरचा.

प्रत्येक रंग याच कारणाने येत नाही, हेही भाचीला सांगितलं. नीलम निळा असतो तो लोह आणि टायटॅनियम या दोन शेजाऱ्यांमध्ये इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते म्हणून. पोटॅशियम परमँगनेटच्या मँगनीजमध्ये तर डी-इलेक्ट्रॉन उरलेलाच नसतो. तिथे ऑक्सिजनकडून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन उडी मारतो, आणि अशी उडी फार जोरात प्रकाश गिळते. म्हणून परमँगनेटची चिमूट बादलीभर पाणी रंगवते, आणि मोरचुदाच्या चिमटीने तेवढंच पाणी जेमतेम निळसर दिसतं.

मग आम्ही वाघोलीकडे परत आलो. कॅव्हनसाइटमध्ये व्हॅनेडियमभोवती पाच ऑक्सिजन असतात. एक अगदी जवळ, सुमारे १.६ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), आणि बाकीचे चार जवळपास २ अँगस्ट्रॉमवर, पायाच्या चार कोपऱ्यांत. मांडवाचे चार खांब आणि वर अगदी डोक्याला टेकलेलं छत, अशी ही चौकट. अशा लांबट चौकटीत प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलली की गिळला जाणारा भागही बदलतो. ॲपोफिलाइटमध्ये शेजार वेगळा, म्हणून हिशोबही वेगळा.

भाचीला हे डोळ्यांनी बघायचं होतं. गोंड्यातल्या पात्या सगळ्या दिशांना पसरलेल्या, तिथे सरासरीच दिसणार. पण डबीच्या कापसात एक सुटी पात पडलेली होती, तिळाहून लहान. ती काचेच्या पट्टीवर ठेवून आम्ही खिडकीत धरली, वर भिंग, आणि तिच्या बाबांच्या पोलराइज्ड गॉगलची काच मध्ये. तिने काच हळूहळू फिरवली.

"मावशी, निळा गेला."

"अजून फिरव."

"आला परत."